छापायच्या आधी हसून घ्या : मुखपृष्ठाची चिरफाड कशी करावी

मुखपृष्ठ बघून लोक हसतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांचं काही चुकत नसतं. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात हे सर्रास दिसतं. दोघं जण गाळ्यासमोर थांबतात, एक जण पुस्तक उचलून दुसऱ्याला दाखवतो, दोघंही हसतात आणि पुस्तक परत ढिगावर जातं. आत काय लिहिलंय हे कळायची वेळच येत नाही. लेखकानं त्यावर काही वर्षं घातलेली असतात, पदरमोड केलेली असते, आणि हसून पुढे गेलेले ते दोघं पुस्तकं बघायलाच आलेले, म्हणजे हक्काचे वाचक असतात. म्हणून हे हसणं मला फार मोलाचं वाटतं, फक्त ते वेळेवर व्हायला हवं. हजार प्रती बांधून घरी आल्यावर ऐकलेलं हसू जिव्हारी लागतं. तेच हसू फाइल संगणकावर असताना ऐकलं तर दोष त्याच आठवड्यात दुरुस्त होतो.

स्वखर्चानं पुस्तक काढणारे लेखक, छोटे प्रकाशक, वार्षिकांक काढणारे शिक्षक आणि स्मरणिका काढणारी मंडळं यांच्यासाठी ही पद्धत सविस्तर लिहितो आहे. पैसे फारसे लागत नाहीत. चार मोकळ्या मनाची माणसं मात्र लागतात.

पहिली पायरी : कशावर हसायचं ते ठरवा

टिंगल मुखपृष्ठाची करायची, माणसाची नाही. गावाकडच्या एखाद्या आजोबांनी पेन्शनमधून काढलेल्या कवितासंग्रहाचा फोटो काढून गटागटांत फिरवण्यात मर्दुमकी कसली? त्यांना कुणी सांगणारं भेटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सरावासाठी आपल्याच कपाटातली पुस्तकं घ्या, किंवा ज्यांच्याकडे चित्रकार आणि संपादक दोन्ही आहेत अशा मोठ्या प्रकाशनांची घ्या.

दुसरा नियम असा की हसलात तर कारण सांगायचं. ‘भयंकर आहे’ हा शेरा बाद. ‘शीर्षक वाचायला पुस्तक तिरकं धरावं लागलं’ हा शेरा चालेल. ‘लेखकाचं नाव कुठे आहे ते शोधावं लागलं’ हाही चालेल. शेऱ्यात वाचणं, शोधणं अशी एखादी कृती आली की दुरुस्ती अर्धी झालीच म्हणून समजा.

दुसरी पायरी : डोळा तयार करा

वाईट ओळखायला चांगलं भरपूर बघितलेलं असावं लागतं, आणि मराठीत ते बघायला कुठे लांब जावं लागत नाही. जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात एक दुपार काढा. मडगावला जन्मलेले दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी चितारलेली मुखपृष्ठं शोधा. १९४५ साली ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू करणारे तेच. त्यांच्या चित्रात रंग कितीही खुलले तरी शीर्षकाची जागा आधीपासून राखून ठेवलेली दिसते. चित्र संपल्यावर कोपऱ्यात अक्षरं कोंबलीत असं सहसा वाटत नाही. रघुवीर मुळगावकर, पद्मा सहस्रबुद्धे, बाळ ठाकूर, सुभाष अवचट, चंद्रमोहन कुलकर्णी यांची कामं शेजारी शेजारी ठेवा. हात प्रत्येकाचा वेगळा आहे, पण आधी कुठे बघायचं हे प्रत्येक जण वाचकाला सांगतो.

अक्षरांसाठी कमल शेडगे आणि र. कृ. जोशी ही दोन नावं लक्षात ठेवा. शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी आणि नियतकालिकांसाठी केलेली शीर्षकं पाहिली की पटतं, चित्र नसलं तरी नुसत्या अक्षरांच्या वळणावर शीर्षक उभं राहू शकतं.

ज्यांच्याकडे चित्रकाराला द्यायला पैसे नाहीत त्यांनी पेंग्विन या इंग्रजी प्रकाशनाची १९३५ सालची पहिली पुस्तकं इंटरनेटवर जरूर बघावीत. तीन आडवे पट्टे, वर प्रकाशनाचं नाव, मध्ये पुस्तकाचं आणि लेखकाचं, खाली पक्षी. कथा-कादंबरीला नारिंगी पट्टा, गुन्हेकथेला हिरवा. चित्र नाहीच. ती मुखपृष्ठं आजही ताजी दिसतात. त्यामुळे ‘बजेट नव्हतं म्हणून असं झालं’ ही सबब मी मान्य करत नाही. बजेट नसेल तेव्हा कमी वस्तू ठेवाव्यात. घोळ होतो तो फुकटच्या दहा वस्तू एकावर एक चढवल्यामुळे.

मग एकाच विषयाची दोन पुस्तकं जोडीनं मांडा, एक आवडलेलं आणि एक हसू आणणारं, आणि फरक एका वाक्यात वहीत लिहा. असं दहा-बारा जोड्यांचं केलंत की तुमची नजर बदललेली असेल.

तिसरी पायरी : बैठक बसवा

आता तुमच्या पुस्तकाकडे या. पाच-सहा माणसं बोलवा. त्यात एक पट्टीचा वाचक हवा, एक अजिबात न वाचणारा हवा, एखादा पुस्तकविक्रेता मिळाला तर सोन्याहून पिवळं, आणि बारा-तेरा वर्षांचं एक मूल नक्की हवं, कारण मुलं भीड ठेवत नाहीत. शिवाय पुस्तक ज्या जगाबद्दल आहे त्या जगातला एक माणूस हवाच हवा. याचं महत्त्व पुढे कळेल.

मुखपृष्ठ पडद्यावर दाखवू नका. खऱ्या आकारात रंगीत छापून घ्या (डेमी आकार असेल तर साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) आणि त्याच आकाराच्या दुसऱ्या पुस्तकावर कव्हर घालतो तसं चढवा. ते पुस्तक इतर दहा पुस्तकांबरोबर टेबलावर मांडा. लोकांना पाच-सहा फुटांवर उभं करा, तीन सेकंद बघू द्या आणि पुस्तक उलटं ठेवा. मग तीन प्रश्न विचारा : नाव काय? कुणाचं आहे? कशाबद्दल आहे? तिन्हींची उत्तरं आली नाहीत तर पुढचं हसणं ऐकायच्या आधीच काम परत पाठवावं लागणार आहे.

नंतर पुस्तक हातात द्या आणि मनसोक्त हसू द्या. या वेळात लेखकानं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ‘तो पक्षी म्हणजे नायिकेचं मन आहे’ असं समजावून सांगायला लेखक दुकानात वाचकाच्या शेजारी उभा नसतो. पहिलं हसू कशाला आलं ते ज्याच्या त्याच्या शब्दांत लिहून घ्या. तीन माणसं एकाच जागी हसली तर तो दोष पक्का.

शेवटी तेच मुखपृष्ठ मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून दाखवा. ऑनलाइन विकत घेणाऱ्याला ते तेवढंच दिसतं. शीर्षक त्या आकारात वाचता आलं पाहिजे. उपशीर्षक आणि प्रस्तावनाकाराचं नाव नाही वाचता आलं तरी चालेल.

चौथी पायरी : अक्षरांवरचं हसू

मराठी मुखपृष्ठांचा सगळ्यात मोठा रोग अक्षरांत आहे, आणि त्यातला बराचसा भाग संगणकानं आणलेला आहे. म्हणून इथे जरा थांबू या.

समजा, ऊसतोड कामगारांवर एक कादंबरी आहे आणि तिचं नाव ‘तुऱ्यांचा हंगाम’ (तुरा म्हणजे उसाला येणारा फुलोरा). डिझायनरनं हे नाव टाइप केलं आणि पडद्यावर आलं ‘तुर्यांचा हंगाम’. तुऱ्यांवरची ती आडवी लपेट जाऊन डोक्यावर रफार बसला. साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढलेला कुणीही पहिल्या क्षणी हसणार. टाइप करताना साध्या ‘र’ऐवजी नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याला ‘य’ जोडला की अक्षर बरोबर येतं. दुसरा नेहमीचा घोटाळा म्हणजे जोडाक्षरं फुटणं. ‘शक्ती’मधल्या ‘क’चा पाय मोडून ‘त’ वेगळा पडतो, ‘विठ्ठल’मधले दोन ‘ठ’ शेजारी शेजारी उभे राहतात, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते. अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये मजकुरासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ हा पर्याय निवडला नाही की हे होतं. डिझायनर अमराठी असेल तर त्याला यात काही चुकलंय हे दिसणारच नाही. त्याला दोष देऊ नका, पण पर्याय बदलायला सांगा.

डिझायनर श्रीलिपीसारखे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरत असेल तर तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडल्यावर शीर्षकाच्या जागी भलतीच चिन्हं उमटू शकतात. प्रेसला फाइल पाठवण्याआधी अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे फॉन्टशिवाय दिसणाऱ्या आकृत्या) करून घ्या आणि केल्यानंतर पुन्हा एकदा अक्षर न् अक्षर वाचा.

इंग्रजी अक्षरांसाठी केलेल्या करामती देवनागरीवर केल्या की हमखास हसू येतं. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. अक्षरांभोवती जाड किनार दिली की दोन अक्षरं जिथे एकमेकांवर चढतात तिथे किनारीची रेघ मध्येच दिसते. अक्षरं आधी एकजीव करून मग किनार द्यावी. शीर्षक दोन ओळींत असेल तर वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या मात्रांवर आदळत नाहीत ना, ते बघा. ‘गुरू’च्या खाली ‘मौन’ आलं की तिथे हमखास टक्कर होते. सावली, सोनेरी चकाकी, फुगवटा आणि उतरता रंग या चारही गोष्टी एकाच शीर्षकावर असतील तर चारही काढा आणि मग एखादी परत लागते का ते बघा. बहुधा लागत नाही.

फॉन्टसाठी पैसे नाहीत ही अडचण आता राहिलेली नाही. ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ फुकट मिळतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ही फुकट आहे आणि त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ आहेतच. मुखपृष्ठावर दोनाहून जास्त फॉन्ट नकोत.

आणि शुद्धलेखन. ‘कवयित्री’ची ‘कवियत्री’, ‘आशीर्वाद’चा ‘आर्शिवाद’, ‘दीपस्तंभ’चा ‘दिपस्तंभ’ झालेली मुखपृष्ठं सर्रास पाहायला मिळतात. आतली दोनशे पानं मुद्रितशोधकाकडे जातात आणि मुखपृष्ठ मात्र थेट प्रेसला जातं, असा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. मुखपृष्ठाचं मुद्रित त्याच माणसाकडून सही घेऊन तपासून घ्या. कण्यावरचं (पुस्तकाच्या बांधणीच्या कडेवरचं) नाव, मलपृष्ठावरचा मजकूर आणि लेखकाच्या नावातलं ऱ्हस्व-दीर्घसुद्धा.

पाचवी पायरी : चित्रावरचं हसू

कवितासंग्रह म्हटला की पाठमोरी स्त्री, उडणारे केस, मावळता सूर्य आणि एक निष्पर्ण झाड. ग्रामीण कादंबरी म्हटली की भेगाळलेली जमीन आणि बैलगाडी. आत्मचरित्राला स्टुडिओतला पासपोर्ट फोटो. प्रेरणादायी पुस्तकाला डोंगरमाथ्यावर हात पसरलेला माणूस. ऐतिहासिक असेल तर तलवार, बुरूज आणि भगवा, तोही सूर्यास्ताच्या वेळी. हा रोग जगभरचा आहे. २०१४ साली आफ्रिकेवरच्या इंग्रजी पुस्तकांची मुखपृष्ठं एकत्र मांडलेलं एक चित्र इंटरनेटवर खूप फिरलं. देश कुठलाही असो, लेखक कुठलाही असो, मुखपृष्ठावर नारिंगी आकाश आणि बाभळीच्या कुळातलं तेच छत्रीसारखं झाड! एवढ्या मोठ्या खंडाचं सगळं लेखन एका झाडाखाली उभं केलेलं पाहून लोक हसले आणि संतापलेही.

यातून सुटायचा मार्ग पुस्तकातच असतो. हस्तलिखित घ्या आणि त्यातल्या हाताला लागतील अशा वस्तूंची यादी करा. भावनांची नको, वस्तूंची. ‘तुऱ्यांचा हंगाम’साठी अशी यादी निघेल : कोयता, मोळी, वाढं, टायरगाडी, पाचटाची कोपी, मुकादमाची उचल (मजुरांना आगाऊ दिलेले पैसे) लिहिलेली वही. यातली मुकादमाची वही बघा. फडाचं चित्र कुणालाही सुचेल, पण उचलीचे आकडे लिहिलेल्या वहीचं एक पान मुखपृष्ठभर पसरलं आणि त्यावर कोयता आडवा ठेवला, तर अख्खी गोष्ट त्यात येते. असं मुखपृष्ठ दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला चालणार नाही, आणि माझ्या मते चांगल्या मुखपृष्ठाची तीच खूण आहे. सरावासाठी उलट प्रश्न विचारा : हेच चित्र दुसऱ्या दहा पुस्तकांवर खपेल का? खपत असेल तर ते तुमचं चित्र नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेनं काढलेली चित्रं. ती लांबून झकास दिसतात आणि जवळून फसतात. सहावं बोट लोक आता ओळखतात, पण त्याहून मोठी चूक तपशिलात असते. ऊसतोडीचं चित्र मागितलं तर उसाऐवजी बांबू येऊ शकतो, कोयत्याच्या जागी अर्धचंद्राकृती विळा येतो, मजुराच्या डोक्याला राजस्थानी साफा बसतो. नऊवारीला मागे काष्टाच नसतो. सह्याद्रीतल्या किल्ल्याला युरोपातले टोकदार मनोरे फुटतात. पाठीमागच्या पाटीवर देवनागरीसारखं दिसणारं पण वाचता न येणारं काहीतरी लिहिलेलं असतं. बैठकीला त्या जगातला एक माणूस हवा म्हटलं ते यासाठी. हंगामाला जाऊन आलेल्या माणसाला चित्र दाखवा; कोयता कसा धरतात, बैलांच्या मानेवर जू कुठे बसतं हे तो दोन मिनिटांत सांगेल. ज्यांच्यावर पुस्तक लिहिलंय त्यांनाच मुखपृष्ठ खोटं वाटलं तर आतल्या मजकुरावर त्यांनी विश्वास का ठेवावा?

पुस्तक न वाचताच चित्र निवडलं की काय होतं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण २०१३ सालचं आहे. ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ ही १९०८ सालची कादंबरी. तिची नायिका लाल केसांची, चेहऱ्यावर बारीक ठिपके असलेली अनाथ मुलगी. तिचे लाल केस हा गोष्टीतला महत्त्वाचा धागा. ॲमेझॉनवर आलेल्या एका आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मात्र सोनेरी केसांची, नखऱ्यात बसलेली तरुणी होती. वाचकांनी त्या आवृत्तीची यथेच्छ खिल्ली उडवली. ते योग्यच झालं.

सहावी पायरी : फोटो आणि हक्क

फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असेल तर मूळ फाइल मागा. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे डेमीच्या पूर्ण मुखपृष्ठाला १६५० बाय २५५० पिक्सेल. पाठवताना दाबून लहान झालेला फोटो ताणला की चेहरा पिठूळ दिसतो. मूळ फाइल ईमेलनं किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो ताणून माणसं लठ्ठ किंवा किडकिडीत करू नका. बसत नसेल तर कापा.

गूगलवर सापडलेलं चित्र फुकट नसतं. आपल्या कायद्यानं चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. उदाहरणार्थ, १९७१ मध्ये गेलेल्या दलालांनी हयातीत प्रसिद्ध केलेली चित्रं २०३१ संपेपर्यंत परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. परवानगी लेखी घ्या आणि चित्रकाराचं नाव आतल्या पानावर छापा.

सातवी पायरी : कणा आणि मलपृष्ठ

बैठकीत कण्यावर कुणी हसत नाही, कारण तो कुणी बघत नाही. पण पुस्तक कपाटात गेलं की आयुष्यभर कणाच दिसतो. त्याची जाडी अंदाजानं ठरवू नका. प्रेसकडून त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची कोरी डमी बांधून घ्या आणि पट्टीनं मोजा. दोन मिलिमीटरची चूक झाली तरी शीर्षक मुखपृष्ठावर घसरतं. कण्यावर देवनागरी अक्षरं एकाखाली एक रचू नका, मात्रा आणि वेलांट्या लोंबकळतात. पूर्ण ओळच फिरवून उभी करा, वरून खाली वाचता येईल अशी. कणा पाच मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर तो कोरा ठेवलेला बरा.

मलपृष्ठावर लेखकाचे पुरस्कार, पदं आणि सत्कारांचे फोटो भरू नका. पुस्तकातला एक चांगला उतारा आणि दोन ओळींचा परिचय पुरतो. आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. त्याचा बारकोड पांढऱ्यावर काळाच छापा. लाल रंगात छापला तर दुकानातल्या लाल उजेडाच्या यंत्राला तो दिसत नाही.

आठवी पायरी : दुरुस्ती सांगणं आणि प्रेस

बैठकीतले शेरे डिझायनरला जसेच्या तसे फेकून मारू नका. तीन-चार दोष निवडा, महत्त्वानुसार लावा आणि दोष सांगा, उपाय सांगू नका. ‘शीर्षक लांबून वाचता येत नाही’ एवढं पुरे. ‘ते पिवळं करा, मोठं करा, खाली सरकवा’ असं सांगितलं की तुमचीच तीन मतं एकत्र येऊन नवं हास्यास्पद मुखपृष्ठ तयार होतं. नातेवाइकांच्या सूचना एकेक करून घालण्याचा मोहही टाळा. काकांना सूर्य हवा असतो, मेहुण्याला लोगो, आणि आश्रयदात्याचा फोटो तर कुठे तरी बसवायचाच असतो. निर्णय एकाच माणसाचा ठेवा आणि तो कोण हे पहिल्याच दिवशी सांगा.

छपाईला देताना चारही बाजूंना तीन मिलिमीटर जादा चित्र ठेवा, म्हणजे कापताना पांढरी कड राहणार नाही, आणि कुठलंही अक्षर कडेच्या फार जवळ नेऊ नका. रंग सीएमवायकेमध्ये (म्हणजे छपाईच्या चार शायांत) बदलून पडद्यावर पुन्हा बघा. चमकदार हिरवा, निळा आणि केशरी छापल्यावर उतरतात. बारीक मजकूर नुसत्या काळ्या शाईत ठेवा, चार रंगांच्या काळ्यात नको. गडद मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन शोभून दिसतं, पण त्यावर बोटांचे ठसे आणि ओरखडे उठून दिसतात. प्रदर्शनात हाताळलं जाणारं पुस्तक असेल तर याचा विचार करा.

छपाई सुरू करायच्या आधी खऱ्या कागदावरचा, लॅमिनेशन केलेला एक प्रूफ मागा आणि तोच बैठकीतल्या दोन माणसांना न सांगता दाखवा. ते हसले नाहीत आणि पुस्तक उघडून आत बघू लागले की प्रूफवर तारखेसह सही करा. त्याच दिवशी मूळ फाइल, फॉन्ट, फोटो आणि परवानगीची पत्रं एका फोल्डरमध्ये घालून दोन ठिकाणी जपून ठेवा. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तो डिझायनर सापडेलच असं नाही.